आजी जेवत का नव्हती

आमच्या वॉर्डात नर्सिंगच्या विद्यार्थिनी शिकायला येतात. प्रत्येकीला एक पेशंट वाटून दिलेला असतो आणि त्या पेशंटचा केअर प्लॅन तिनं लिहून आणायचा असतो. त्यातलं पहिलं काम म्हणजे नर्सिंग डायग्नोसिस निवडणं. डॉक्टरांचं निदान वेगळं आणि आपलं वेगळं, हे समजावून सांगता सांगता दर वर्षी माझा घसा बसतो. डॉक्टर म्हणणार, मांडीचं हाड मोडलं. आपण शोधायचं की हाड मोडल्यामुळे या बाईचं काय काय अडलं. तिला कुशीवर वळता येतं का, झोप लागते का, ती घाबरली आहे का, घरी गेल्यावर तिचं कोण करणार. पुस्तकात अशा अडचणींची लांबच लांब यादी दिलेली असते. त्यातली एक आमच्या पोरींची फार लाडकी आहे: ज्ञानाचा अभाव. पेशंट गोळी घेत नाही, ज्ञानाचा अभाव. चालायला तयार नाही, ज्ञानाचा अभाव. पेशंट चिडला तरी तेच. मी विचारते, अभाव नेमका कोणाकडे आहे बाई, त्याच्याकडे की तुझ्याकडे? पोरी तोंडावर हात ठेवून हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहून आणतात.

मी तापट आहे, हे सांगून टाकलेलं बरं. बायकांच्या हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर मवाळ असून चालतही नाही. पण माझा राग आळसावर असतो, चुकीवर नसतो. डायग्नोसिस लिहिताना तीन गोष्टी सांगायच्या असतात: अडचण कोणती, ती कशामुळे, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता. पहिली आणि तिसरी गोष्ट कुणालाही दिसते. सगळं काम मधल्या 'कशामुळे'त असतं, कारण उपाय त्याच्यावर करायचा असतो. आणि नेमकं तेच पोरी पुस्तकातून उतरवून काढतात. माणूस समोर पलंगावर पडलेला असतो आणि या पुस्तकात त्याला शोधतात, याचा मला संताप येतो.

गेल्या हिवाळ्यात समुद्रपूरकडच्या एका खेड्यातून एक आजी आमच्याकडे वर्ध्याला आली. एसटीतून उतरताना पाय सटकला आणि खुब्याजवळ हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला, सगळं ठीक झालं. आजी गोंड घरातली. सोबत सून होती. दोघी एकमेकींशी गोंडीत बोलायच्या आणि आमच्याशी वऱ्हाडीत. वऱ्हाडीत आजी इतकी फटकळ होती की मला बरंच वाटलं. फटकळ बायका लवकर बऱ्या होतात, असा माझा अनुभव आहे. ज्या सगळ्याला हो हो म्हणतात त्यांचीच मला काळजी वाटते.

पण आजीनं जेवण सोडलं. सुरुवातीला सलाईन होतं, गुंगी होती, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर सलाईन कमी केलं, लघवीची नळी काढली, आता हिला तोंडानं खाऊ द्या असं ठरलं, तर आजी तोंड उघडेना. गोळीपुरतं घोटभर पाणी घ्यायची. दवाखान्याची खिचडी परत जायची. सून बाहेरून वरण-भाकर आणायची, तीही तशीच परत जायची. विचारलं की एकच उत्तर: भूक नाई.

आम्ही आमच्या परीनं सगळं केलं. दुखत असेल म्हणून दुखण्याची गोळी जेवणाच्या आधी द्यायला लागलो. मळमळत असेल म्हणून त्याचं औषध सुरू झालं. पोट साफ नसेल म्हणून तेही पाहिलं. जिच्याकडे ही पेशंट होती ती विद्यार्थिनी हुशार होती, अक्षर मोत्यासारखं. तिनं पहिल्या दिवशी लिहून आणलं, शरीराच्या गरजेपेक्षा कमी पोषण, ज्ञानाच्या अभावामुळे. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तरी तिनं प्रामाणिकपणे अंडी, डाळ, दूध, पालेभाजी अशी चित्रं काढून एक रंगीत तक्ता केला आणि आजीला प्रोटीन समजावलं. आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या घरी कोंबड्या आहेत एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं कारण बदललं. आता भाषेची अडचण होती. त्यानंतर ती आजीशी एकेक शब्द तोडून, मोठ्या आवाजात बोलायला लागली. शेवटी आजीनं मला हाक मारून तक्रार केली.

"हे पोरगी एवढी वरडून काऊन बोलून राह्यली? मले ऐकू येते."

मला हसू आलं, पण ते टिकण्यासारखं नव्हतं. आजीची लघवी कमी झाली होती. जीभ कोरडी पडली होती. रक्ताचे रिपोर्ट बिघडायला लागले होते आणि टाके जिथं सुकायला हवे होते तिथून पाणी सुटत होतं. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज येऊन खुर्चीत बसवायचं म्हणायची आणि आजी मान फिरवायची. अंगात काही नाही तर बसणार कशी? राउंडला आमचे ज्युनियर डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी राउंडच्या वेळी नाकातून नळी टाकू आणि तिच्यातून पातळ अन्न देऊ. त्यांचं चुकत नव्हतं. त्या रिपोर्टवर दुसऱ्या कुणीही हेच म्हटलं असतं. मी आजीला नीट सांगितलं की नाकातून पोटापर्यंत नळी जाईल, थोडा त्रास होईल. आजी म्हणाली, काढून फेकीन. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि जाता जाता म्हणाले, मग सिस्टर, हात बांधावे लागतील.

हात बांधणं मी पाहिलेलं आहे. कधी कधी त्याला इलाज नसतो, हेही मला कळतं. पण जी बाई शुद्धीवर आहे, जिला सगळं समजतं, जी आपल्याला फाडकन उत्तर देते, तिचे हात पलंगाला बांधायचे आणि नाकातून पेज सोडायची, हे मला सहन होणार नव्हतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तो दिवसभर वॉर्डातल्या मावशींवर निघाला.

त्याच दुपारी आजीचा एक्स-रे होता. ट्रॉलीवर घालून, पाठीला उशा लावून तिला खाली नेलं. मी एरवी एक्स-रेला जात नाही, पण त्या दिवशी गेले. खाली गर्दी होती. ट्रॉली भिंतीशी लावून आम्ही नंबराची वाट बघत थांबलो. शेजारच्या बाकड्यावर एक अनोळखी बाई आपल्या नातीला केळं सोलून देत होती. तिनं आजीकडे बघितलं, आपल्याकडची रीत म्हणून एक केळं आजीपुढेही धरलं. आणि आजीनं ते घेतलं. सोललं, आणि हळूहळू, चावून चावून सगळं खाल्लं. मग सुनेला पाणी मागितलं आणि अर्धी बाटली प्याली.

मी आ वासून बघत राहिले. वर आम्ही चित्रं काढतोय, औषधं बदलतोय, उद्या नळी टाकायला निघालोय आणि ही इथं केळं खाते आहे. माझा पारा चढला. मी म्हटलं, आजी, आम्ही काय वेडे आहोत का? वर भूक नाही आणि इथं भूक लागली? आजीनं केळ्याची साल सुनेच्या हातात दिली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय.

"तेथी कसी खाऊ बाई? तेथीच पॉट देता तुमी मले. जेथी बसाव तेथीच जेवाव का मानसानं?"

लघवीची नळी काढल्यापासून आजीला पलंगावरच लघवी-संडासचा पॉट दिला जात होता. पडदा ओढायचा, पॉट द्यायचा, काढायचा, पुसायचं, पडदा सारायचा आणि तासाभरात त्याच पलंगावर ताट ठेवायचं. आमच्या दृष्टीनं सगळं स्वच्छ होतं. आजीच्या दृष्टीनं ती जागा जेवायची राहिलीच नव्हती. ज्या घरात चुलीपाशी कुणी चप्पल नेत नाही त्या घरात ही बाई म्हातारी झाली होती. आणि पाणी ती यासाठी पीत नव्हती की पाणी प्यालं की पॉट मागावा लागतो. भूक तिला लागत होती. ती दाबून पडून होती.

मी सुनेला विचारलं, तू तरी सांगायचं ना आम्हाला. ती बिचारी गोंधळून गेली. त्यात सांगण्यासारखं काय आहे, हे तिला कळतच नव्हतं. तिला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असेल, दवाखान्यात इलाज नसेल म्हणून असं करतात. ती स्वतः रोज बाहेरच्या व्हरांड्यात फडकं टाकून जेवायची. आणि खरं तर सगळ्यांचेच नातेवाईक तिथं जेवायचे. आम्ही सिस्टर आमचे डबे आमच्या खोलीत उघडतो, आधी हात साबणानं धुऊन, कधी कपभर चहासुद्धा वॉर्डात घेत नाही. पॉटशेजारी बसून जेवण्याची वेळ त्या वॉर्डात फक्त पेशंटवर येत होती.

वर येईपर्यंत माझा राग उतरला होता आणि अंगात उत्साह संचारला होता. उत्साहात मी घाई करते, ती माझी जुनी खोड आहे. आधी वाटलं, पॉट बंद करून तिला बाथरूमला नेऊ. पण बाथरूम लांब, तिला बसता येत नाही, आणि दिवसातून इतक्या वेळा उचलायला माणसं आणायची कुठून? जेवण बाहेर हलवणं त्यापेक्षा सोपं होतं. आजीलाच विचारलं. ती म्हणाली, बाहेर चालते, मंग पॉट पलंगावर दिला तरी चालते. संध्याकाळच्या जेवणाला आम्ही तिला खुर्चीत बसवायला घेतलं. मी, विद्यार्थिनी आणि मावशी. पाय खाली सोडले, उभं केलं, आणि आजी पांढरी फटक पडली. डोळे फिरले. आम्ही तिला कसंबसं परत पलंगावर आडवं केलं आणि पाय उशीवर घेतले. बीपी खूप खाली गेलं होतं.

डॉक्टर धावत आले. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की सिस्टर, हाड पुन्हा मोडलं असतं तर? मी त्यांना केळ्याचं सांगितलं, जागेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले, कारण काहीही असो, अंगात पाणी नाही, नुसत्या सलाईनवर किती दिवस भागवणार, पोटात अन्न-पाणी घालायला मला उद्याची नळी लागणारच. तेही खरंच होतं. पाणी नाही म्हणून बसता येत नाही, आणि बसता येत नाही म्हणून बाहेर नेऊन पाणी पाजता येत नाही. एवढ्यावर येऊन आम्ही अडकलो होतो.

घरी जाताना ऑटोत बसून मी तेच तेच घोळवत होते. आजीनं केळं खाल्लं तेव्हा ती बसली कुठे होती? ती तर पडूनच होती. पाठीला उशा होत्या, पाय लांब होते. खुर्चीची गरजच नव्हती, फक्त तो पलंग नको होता. एवढी साधी गोष्ट मला दुपारी का सुचली नाही म्हणून मी ऑटोत एकटीच हसले. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं.

सकाळी मी राउंडच्या बरीच आधी पोचले. विद्यार्थिनीला रात्रीच फोन करून बजावलं होतं, ती आलेली होती. आम्ही ट्रॉली औषधाच्या पाण्यानं पुसली. आजी पलंगावरून बारकाईनं बघत होती. एक कोपरा राहिला तर तिनं बोट दाखवलं. तिनं एकच विचारलं की या गाडीवर कुणाला पॉट देता का? मी म्हटलं, नाही, आणि ही आता तुझ्याच जेवणाची. सुनेनं तिचे हात-तोंड धुतले, केस विंचरले, अंगावर दवाखान्याच्या गाऊनवरून धुतलेलं लुगडं पांघरलं. चादरीसकट उचलून आम्ही तिला ट्रॉलीवर घेतलं, पाठ हळूहळू वर केली, बीपी बघितलं, थांबलो, अजून थोडी वर केली. बीपी टिकलं.

व्हरांड्यात कोवळं ऊन आलेलं होतं. खाली आवारात कुणीतरी झाडत होतं. आजीनं ट्रॉलीचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवायला लावलं. आधी पाणी मागितलं. एक पेला, थोड्या वेळानं दुसरा. मग सुनेनं डबा उघडला. तुरीचं पातळ वरण होतं आणि ज्वारीची भाकर. आजीनं भाकर वरणात कुस्करली आणि आपल्या हातानं जेवायला लागली. सून भरवायला गेली तर तिला हात झटकून बाजूला केलं. माझे डोळे भरून आले. एक म्हातारी बाई भाकर खाते आहे, यात रडण्यासारखं काही नाही, पण आले.

तेवढ्यात राउंड आला. डॉक्टरांच्या हातात नळीचं पाकीट होतं. ते व्हरांड्याच्या दाराशी थांबले. आजीनं त्यांच्याकडे बघितलं आणि घास न थांबवता म्हणाली,

"बस बाप्पा. जेवून राह्यली मी."

डॉक्टर बसले नाहीत, पण उभे राहिले. तिनं किती खाल्लं, किती प्याली ते मला विचारलं, आणि पाकीट खिशात टाकून म्हणाले की संध्याकाळपर्यंत बघू, लघवी वाढली तर नळी नको. संध्याकाळपर्यंत वाढली. त्यांनी ऑर्डर खोडली आणि मला नुसतं 'बरं झालं सिस्टर' म्हणाले. माणूस चांगला आहे, तरुण आहे, शिकेल.

विद्यार्थिनी दुपारी वही घेऊन आली. अडचण तिनं तीच ठेवली होती, गरजेपेक्षा कमी पोषण. ती पहिल्यापासून बरोबरच होती. कारण मात्र खोडून खोडून कागद फाटायला आला होता. पुस्तकात सापडत नाही म्हणाली. मी म्हटलं, आपल्या शब्दांत लिही. तिनं लिहिलं, जेवण आणि शौच एकाच जागी होत असल्यामुळे. उपायात लिहिलं, पेशंटला विचारून जेवणाची जागा बदलणे. मी खाली सही केली. इतक्या वर्षांत इतक्या आनंदानं मी कुठल्या केअर प्लॅनवर सही केलेली नाही.

पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं. चार घास पोटात गेले तसा अंगात जोर आला. ट्रॉलीची खुर्ची झाली. मग आजीलाच खुर्चीपर्यंत नेणारी माणसं वेळेवर येईनात म्हणून राग यायला लागला आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीकडून ती वॉकर धरायला शिकली. जेवायला जायचं असलं की ती आमच्यासाठी थांबायची नाही. टाके कोरडे झाले.

त्याच दिवसांत एका सकाळी आजी वॉकर टेकत व्हरांड्याकडे निघाली होती आणि मी तिच्यामागे चालत होते. आजीच्या समोरच्या पलंगावर वर्ध्यातल्याच एक निवृत्त शिक्षिका होत्या, गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेल्या. फार शालीन बाई. कधी काही मागायच्या नाहीत, प्रत्येक गोष्टीला आभार मानायच्या. दोन घास खाऊन ताट झाकून ठेवायच्या आणि पोट भरलं म्हणायच्या. आम्ही त्यांच्या कागदावर वयामुळे भूक कमी असं लिहिलेलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"सिस्टर, मलाही तिकडे न्याल का जेवायला?"

मी विचारलं, तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"शिकलेल्या बाईनं असलं कसं बोलायचं? तुम्ही म्हणाल, मास्तरीण असून असली खुळं. त्या आजी बोलल्या, म्हणून मला बोलता आलं."

मी त्यांचा हात धरला. तोपर्यंत मला वाटत होतं, आजी वेगळी आहे, तिच्या घरची रीत वेगळी आहे, आणि ती रीत समजून घेतली म्हणजे आमचं काम झालं. विद्यार्थिनी माझ्या शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती खोलीच्या एका टोकाला गेली आणि मी दुसऱ्या टोकाला, आणि आम्ही पलंगामागून पलंग एकच प्रश्न विचारत मधे आलो: तुम्हाला कुठं बसून जेवायला आवडेल? कुणी व्हरांडा म्हणालं, कुणी खिडकीपाशी, एक म्हणाली जिन्याजवळ चालेल. पलंगावर, असं एकीनंही सांगितलं नाही.